जामीन मंजूर, माणूस आतच

मागच्या अंकात जामिनाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पोलिसांबद्दल तक्रार थोडी, न्यायाधीशांबद्दल त्याहून थोडी आणि वकिलांबद्दल भरपूर आहे. म्हणून या वेळी मृत्युपत्र, घटस्फोट आणि सोसायटीचं पार्किंग बाजूला ठेवते. फक्त तुरुंग आणि आम्ही काळे कोटवाले.

प्रश्न : मी कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील पारधी समाजाचे. पुण्याकडे बांधकामावर मजुरीला गेले असताना लोखंडी सळ्यांच्या चोरीच्या गुन्ह्यात त्यांना अटक झाली. याआधी त्यांच्यावर एकही गुन्हा नाही. कोर्टानं २५ हजारांच्या जामीनदारावर सोडण्याचा हुकूम केला, त्याला दोन महिने झाले. ते अजून येरवड्यातच आहेत. वकीलसाहेब म्हणतात, "माझं काम झालं, आता तुम्ही पुण्यातला जामीनदार आणा." घरात जमीन नाही, सातबारा नाही. त्या मुलीची आई रोज शाळेच्या फाटकाशी येते आणि मला विचारते. वकीलबाई, मी तिला काय सांगू?

उत्तर : सर, सगळ्यात आधी त्यांना हे सांगा की असा हुकूम झाला म्हणून २५ हजार रुपये लगेच कुठं भरायचे नसतात. जामीनदारानं एवढंच लिहून द्यायचं असतं, की हा माणूस तारखेला हजर राहिला नाही तर एवढी रक्कम मी देईन. हे न कळल्यामुळे कित्येक बायका मंगळसूत्र मोडून बसतात. आणि कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीपाशी "जामीनदार देतो, एवढे द्या" म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. भाड्याचे जामीनदार एकच सातबारा अनेक खटल्यांत फिरवतात. उघडकीला आलं की जामीन रद्द, वर खोट्या कागदपत्रांचा नवा गुन्हा.

आता "माझं काम झालं" याबद्दल. आमच्या धंद्यात फी ठरते ती "बेल करून देतो" एवढ्यावर. हुकूम हातात पडला की व्यवहार पुरा झाला असं दोन्ही बाजू समजतात. त्यानंतर जामीनदार, त्याचा ऐपतीचा दाखला, फोटो, पडताळणी, मग तुरुंगात जाणारा सुटकेचा आदेश ही पायपीट ज्युनिअरची किंवा कारकुनाची, आणि तिचे पैसे द्यायला कुणी नसेल तर कुणाचीच नाही. तुमच्या वकीलसाहेबांनी नियम मोडलेला नाही, हे मी मुद्दाम सांगते. वकिलानं आपल्या अशिलाला जामीन राहू नये, जामीनदाराच्या ऐपतीची ग्वाहीसुद्धा देऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. पण "जामीनदार मिळत नाही, अट हलकी करा" असा एक पानी अर्ज करायला कुठला नियम आडवा येतो? तो अर्ज बहुतेक वेळा होत नाही, कारण तो कुणी मागत नाही. मागायचा असतो हे आत बसलेल्याला माहीत नसतं.

आणि पुण्यातलाच जामीनदार कशाला? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खालच्या कोर्टानं त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या हुकमाचे वाभाडे काढले आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. ४५ वर्षांहून जास्त काळ झाला. कर्जतचा माणूस पुण्यात अडकला की प्रश्न तोच.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं याच दुखण्यावर निर्देश दिले आहेत. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात गेला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या कार्यालयाच्या, सचिवांना कळवायचं. सचिवांनी त्या घरची परिस्थिती तपासून अट शिथिल करण्याची विनंती कोर्टापुढे ठेवायची. महिना उलटला तर कोर्ट आपणहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये असंही त्यात आहे. तुमच्या प्रकरणात सातवा दिवस गेला आणि महिनाही गेला. म्हणजे या साखळीत कुणीतरी कागद पुढं सरकवलेला नाही, आणि तो सरकवायचं काम आता तुम्हाला करायचं आहे.

एका साध्या कागदावर मराठीत लिहा : आरोपीचं नाव, कोणतं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कोणतं कोर्ट, हुकमाची तारीख, कोणत्या तुरुंगात आहे, जामीनदार का देता येत नाही. खाली मुलीच्या आईचा अंगठा किंवा सही. हे पत्र पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवा, शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय आहे. एक प्रत येरवड्याच्या अधीक्षकांना. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फुकट आहे, त्यावर फोनही करा. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं बारावं कलम तसं स्पष्ट सांगतं. त्या वकिलाला एवढंच सांगायचं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ४८४ खाली रक्कम कमी करून मागा, आणि जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती करा. "आधी सोडा, बाहेर आल्यावर जामीनदार आणतो" म्हणून तात्पुरती सुटकाही मागता येते. कोर्टानं रोख रक्कमच भरायला सांगितली, तर गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली लागलेला नाही त्याला, त्यातून मदत मिळू शकते.

एक धोका मात्र आत्ताच सांगून ठेवते. उद्या कुणीतरी, बहुधा वकीलच, त्या माणसाला सुचवेल : "गुन्हा कबूल करून टाक. भोगलेले महिने शिक्षेत वळते होतील, संध्याकाळी घरी जाशील." ऐकायला गोड लागतं, आणि पुष्कळदा खरंही ठरतं. पण ते कबूल केलं की तो शिक्षा झालेला माणूस होतो. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं लागतं. बाकीच्यांना निम्मा काळ थांबावं लागतं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला एक वर्ष आणि शिक्षा झालेल्याला दीड. एका संध्याकाळच्या सुटकेसाठी ही सवलत आयुष्यभरासाठी जाते. पुढच्या वेळी गावात काही चोरीला गेलं की पोलीस आधी त्याच्याकडे येतात, आणि रिमांडच्या कागदावर "सराईत" हा शब्द येतो.

पारध्यांच्या बाबतीत तो शब्द तसाही लवकर येतो. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात १९५२ ला तो कायदा गेला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून कामं वाटण्याची आणि विमुक्तांना, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या या जमातींना, सराईत धरण्याची पद्धत होती. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवली, तीही सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंच्या याचिकेवर. इतकी वर्षं त्या नियमावल्या आमच्या धंद्यातल्या लोकांच्या कपाटात होत्याच की.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त बँक अधिकारी. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पोलीस जिवाची बाजी लावून गुन्हेगार पकडतात आणि तुम्ही वकील त्यांना सोडवता. मग तुरुंग भरले म्हणून तुम्हीच गळा काढता, हे कसं?

उत्तर : राग कशाचा? तुम्ही बँकेत होता, तेव्हा आकडे देते. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही अशी. आणि सगळ्या तुरुंगांची मिळून जागा होती ४,३६,२६६. शिक्षा झालेला प्रत्येक माणूस बाहेर काढला असता, तरी नुसत्या कच्च्या कैद्यांनी तुरुंग जवळजवळ भरलेच असते. आम्ही एवढी माणसं सोडवत असतो, तर हा आकडा आला कुठून?

तो कुठून येतो ते बघायचं असेल तर एखाद्या दुपारी उशिरा जवळच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. दिवसभराचं काम आटपत आलेलं असतं. दोन शिपाई चार-पाच जणांना दोरीनं किंवा हाताला धरून आणतात. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट टेबलावर ठेवतो. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" ज्या पोलिसानं दंड धरलेला असतो, त्याच्याच शेजारी उभा राहून माणूस मान हलवतो. "वकील दिलाय?" पुन्हा मान. "एमसीआर. चौदा दिवस." म्हणजे न्यायालयीन कोठडी. पुढचा. आता तर अनेकदा तुरुंगातूनच पडद्यावर हजेरी होते, त्यामुळे मान हललेलीही नीट दिसत नाही.

त्या दोन मिनिटांत बोलण्यासारखं खूप असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती याची कारणं पोलिसांनी नोंदवली पाहिजेत आणि मॅजिस्ट्रेटनं ती तपासली पाहिजेत, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात आहे. पहिल्याच हजेरीला "तुला सरकारी खर्चानं वकील मिळेल" असं आरोपीला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, हे भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात १९८१ पासून ठरलेलं आहे. कोर्टात त्या वेळी दहा-बारा वकील बसलेले असतात, आपापल्या तारखा घ्यायला. त्यातला एक उठून "साहेब, अटकेची कारणं कुठायत?" म्हणाला तर काय होतं ते मी पाहिलं आहे : साहेब चष्मा काढतात, कागद परत वाचतात. प्रत्येक वेळी सुटका होत नाही. पण कागद वाचला जातो.

आणि वकील म्हणजे फक्त आरोपीचा नव्हे. सरकारी वकीलही आमच्याच सनदेचा. जामिनाचा अर्ज आला की तो सरकार पक्षाच्या "से"साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, ठेवतात. से यायला एक तारीख, तपासी अंमलदार बंदोबस्तात म्हणून आणखी एक. शेवटी येतो तो ठरावीक मजकूर : आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल. सळ्या चोरल्याचा आरोप असलेला बिगारी कुणावर दबाव आणणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण जामिनाला विरोध केला म्हणून सरकारी वकिलाला आजवर कुणी जाब विचारलेला नाही. "हरकत नाही" असं लिहिलं तर मात्र विचारतात. आता मला सांगा, तुमच्या बँकेत कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची कधी चौकशी लागायची का?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फौजदारी वकिली करायची आहे. सीनिअर म्हणतात, विधी सेवेच्या पॅनेलवर जाऊ नकोस, तिथं शिकायला काही नसतं आणि पैसा तर नसतोच. तुमचं मत?

उत्तर : पैशाबद्दल तुझे सीनिअर खोटं बोलत नाहीत. प्रत्येक केसमागे तुटपुंजी फी, तीही रखडत. त्यामुळे पॅनेलवर एक तर अगदी नवखे किंवा ज्यांचं बाहेर चालत नाही ते, आणि मधे थोडेसे खरोखर मनापासून करणारे. २०२२ पासून मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पगारी, पूर्णवेळ, खासगी प्रॅक्टिस बंद. सरकारी वकिलासमोर सरकारनंच उभा केलेला बचावाचा वकील, ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. तिथं अर्ज कर.

शिकायला काही नसतं हे मात्र साफ चूक. एक उदाहरण घे. दोषारोपपत्र साठ दिवसांत, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. खटल्यात तथ्य आहे की नाही हा प्रश्नच नाही. पण हा हक्क मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज दिला तर माणूस बाहेर. दिला नाही आणि दुपारी पोलिसांनी दोषारोपपत्र आणून टाकलं, तर हक्क संपला. अर्ज दिल्यावर मागाहून दोषारोपपत्र आलं तरी हक्क जात नाही, हे उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र या २००१ च्या निकालानं ठरवलं. तोंडी मागितलं तरी चालतं, असं २०१७ मध्ये राकेश कुमार पॉल प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे फौजदारी वकिलाचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ज्याला वकीलच नाही त्याचे दिवस कोण मोजणार? ज्याला आहे, त्याचे तरी कोण मोजतं? तू मोज. वहीत प्रत्येक अशिलाच्या नावापुढे पहिल्या रिमांडची तारीख आणि साठावा दिवस लिहून ठेव. मोठमोठ्या चेंबरमध्ये मी अशी वही पाहिलेली नाही.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या तुला कॉलेजात सांगणार नाहीत. बार असोसिएशन कामकाजावर बहिष्कार टाकेल. कारण कधी रास्त असेल, कधी पार्किंगचं. वकिलांना संपाचा हक्क नाही हे २००२ साली हरीश उप्पल निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, तरी टाकतील. बहिष्काराच्या दिवशी साक्षी होत नाहीत, जामिनाचे युक्तिवाद होत नाहीत. कोठडी वाढवण्याचा शिक्का तेवढा पडत राहतो. दुसरं : गावात एखादा भयंकर गुन्हा घडला की "कुणीही वकीलपत्र घेऊ नये" असा ठराव होईल आणि सगळे हात वर करतील. असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत, हे २०१० च्या मोहम्मद रफी निकालात आहे. तेव्हा तुझा हात खाली असला तर चहाला कुणी बोलावणार नाही काही दिवस. कँटीनचा चहा तसाही काही धड नसतो.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत कायदा शिकते. ती म्हणते, अमेरिकेत गरीब आरोपीला वकील देणं सक्तीचं आहे. मग तिथले तुरुंग जगात सगळ्यात भरलेल्यांपैकी कसे? (डोंबिवली)

उत्तर : ताई, मुलगी बरोबर सांगते. १९६३ च्या गिडियन निकालापासून गंभीर गुन्ह्यात तिथं वकील द्यावाच लागतो. पण खटला चालतो कुठं? २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच नोंदवलं की फेडरल कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल करून होतात. सरकारी वकील आधी मोठमोठी कलमं लावतो, मग म्हणतो, हे कबूल कर, बाकीची काढतो. सरकारी खर्चाच्या बचाव वकिलाकडे फायलींचा डोंगर, त्याला अशिलाशी बोलायला मिनिटं मिळतात. जामीन भरायला पैसे नाहीत, नोकरी जाते आहे, मुलं शेजाऱ्यांकडे. माणूस सही करतो. तिथं वकील शेजारी असतो आणि सही कुठं करायची ते दाखवतो. आपल्याकडे बरेचदा तो शेजारी नसतोच. कर्जतच्या सरांना वर जे लिहिलं आहे, ते मुलीला वाचून दाखवा. तिला ओळखीचं वाटेल.

प्रश्न : भाऊ दीड वर्ष कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात आहे. वकील बदलायचा आहे, पण आधीचे वकील उरलेली फी दिल्याशिवाय कागदपत्रंही देत नाहीत आणि ना हरकतही देत नाहीत. नवे वकील म्हणतात, ना हरकत आणल्याशिवाय हात लावणार नाही. काय करावं?

उत्तर : फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे निकालात काढलं आहे. फी हवी असेल तर त्यांनी दिवाणी दावा लावावा. आधी लेखी मागणी करा, रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जपा. आठवडाभरात दिले नाहीत तर महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. तिथंही वेळ लागतो, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका. दोषारोपपत्राची आणि हुकमांची प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढता येते. ना हरकत हा वकिलांनी आपसांत पाळायचा शिष्टाचार आहे. ती मिळाली नाही तर नव्या वकिलांनी कोर्टाकडे परवानगी मागायची, पत्राची पोचपावती दाखवायची. नवे वकील तेवढंही करायला तयार नसतील तर तेही बदला आणि ठाण्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा. जाताना भावाच्या अटकेची तारीख, कलमं आणि पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का एवढं लिहून न्या. दीड वर्ष झालंय म्हणता, तर कलम ४७९ चा हिशेब त्यांना तिथंच बसून करायला लावा. एकाच वेळी दुसराही खटला चालू असेल, किंवा गुन्हा जन्मठेपेचा असेल, तर हे कलम लागू होत नाही. तेही आधीच विचारून घ्या.